कंपनीच्या अवस्थेतील पिकअप वेगचाचणीसाठी तयार करताना इंजिनाला हात सर्वांत शेवटी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमच्याकडे २०२१ सालची इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस आहे. इंजिन १.९ लिटरचे डिझेल, ताकद १६३ पीएस (अश्वशक्तीचे मेट्रिक एकक), आणि गाडीत आजवर काहीही बदल केलेला नाही. सरळ रेषेतील कमाल वेगाच्या हौशी चाचणीत उतरायचे आहे, खर्चाची तयारी दोन लाखांपर्यंत आहे, आणि ताशी २०० किलोमीटरचा आकडा गाठण्यासाठी कोणता रीमॅप (इंजिनाच्या संगणकातील मांडणी बदलून ताकद वाढवणे) आणि कोणता टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) घ्यावा हे तुम्हाला हवे आहे. मी नागपुरात हिंगणा एमआयडीसीच्या बाजूला बावीस वर्षे गॅरेज चालवत आहे. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या पिकअप काटोलची संत्री कळमन्याच्या बाजारात पोचवणाऱ्या असतात आणि उरलेल्यांपैकी थोड्या तुमच्यासारख्या हौशी मालकांच्या. त्या अनुभवावरून सांगतो की रीमॅप आणि टर्बो हा तुमचा पहिला प्रश्न नाही. पाठीवर टनभर ओझे घेऊन ऐंशीने धावण्यासाठी बांधलेली, उंच आणि मागून हलकी गाडी रिकामी असताना दुप्पट वेगाने सरळ कशी धावेल आणि त्यानंतर थांबेल कशी, हा खरा प्रश्न आहे. म्हणून उत्तराचा क्रम मी तुमच्या क्रमाच्या उलट ठेवला आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी मान्य करतो. धावपट्टी किती लांब आहे, ती काँक्रीटची की डांबरी, आयोजकांची नियमावली तुमच्या गाडीला कोणत्या वर्गात बसवते आणि हीच गाडी तुम्हाला सोमवारी कामावर न्यायची आहे की नाही, या चार गोष्टींवर निम्मे निर्णय बदलतात. गाडी रोजच्या वापरातली असेल असे धरून मी लिहीत आहे.

जागेबद्दल स्पष्ट बोलतो, कारण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही ‘समृद्धी पहाटे रिकामा असतो’ असे लिहिले आहे. तो मार्ग रिकामा असला तरी सार्वजनिकच आहे आणि कारसाठी तेथील मर्यादा १२० ची आहे. सार्वजनिक जागी शर्यत किंवा वेगचाचणी करणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास कैद एक वर्षापर्यंत जाते. याहून मोठी गोष्ट तुमच्या विम्याच्या कागदावर छापलेली आहे. वापराच्या मर्यादा या मथळ्याखाली संघटित शर्यत, वेगाची चाचणी आणि विश्वसनीयता चाचणी वगळलेल्या असतात, म्हणजे तेथे काही घडले तर नुकसानीचा सगळा हिशेब तुमच्या घरावर येतो. ही अट रीतसर स्पर्धेलाही लागू आहे. म्हणून आयोजकांनी स्वतंत्र विमा घेतला आहे का, हे प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी लेखी विचारावे. कच्छच्या रणाचाही विचार अनेकांच्या मनात येतो. मोठ्या रणाचा बराचसा भाग अभयारण्यात आणि सीमेलगत आहे, छोटे रण रानगाढवांचे अभयारण्य आहे, आणि तेथील मिठाच्या पापुद्र्याखाली चिखल असतो. दोन टनांची गाडी त्यात कोठे रुतेल याचा नेम नाही.

राहतो तो रीतसर मार्ग, म्हणजे बंद धावपट्टीवर होणारी आणि देशातील मोटारक्रीडेची मान्यताप्राप्त संस्था असलेल्या एफएमएससीआयच्या नियमांखालील स्पर्धा. आपल्याकडे अशा स्पर्धा प्रामुख्याने ४०२ मीटरच्या ड्रॅगच्या, म्हणजे उभ्या जागेवरून सरळ रेषेत सुटण्याच्या, असतात. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवरची व्हॅली रन हे त्याचे परिचित उदाहरण. अमेरिकेत यूटा राज्यातील बोनव्हिलच्या मिठागरावर १९४९ पासून, आणि ऑस्ट्रेलियात गेर्डनर सरोवराच्या कोरड्या मिठावर, हौशी लोक मैलोगणती धावतात. तसा पल्ला आपल्याला नाही, आणि तुमच्या गणितातला सर्वांत मोठा आकडा तोच आहे.

ते गणित एकदा कागदावर मांडू. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला तोंड द्यायला लागणारी ताकद घनाने. पिकअपचा उभा चेहरा आणि मागचा उघडा हौदा लक्षात घेऊन मी विरोधाचा गुणांक ०.४५ आणि समोरचे क्षेत्रफळ २.८ चौरस मीटर धरतो. वजन चालकासह १,९०० किलोच्या पुढे-मागे. टायरांचा विरोध मिळवून चाकांपाशी ताशी १६० ला सुमारे ७५ किलोवॉट, १८० ला सुमारे १०५ आणि २०० ला सुमारे १४० किलोवॉट लागतात. तुमचे १६३ पीएस म्हणजे १२० किलोवॉट, आणि गिअरबॉक्स, शाफ्ट व डिफरन्शिअल (शाफ्टची ताकद चाकांना वाटणारा अ‍ॅक्सलमधला गिअर) यांत साधारण पंधरा टक्के जातात, म्हणून चाकांपाशी १०२ उरतात. याचा अर्थ इतकाच की पल्ला अमर्याद असेल तर तुमची गाडी पावणेदोनशेच्या थोडी पुढे जाईल आणि तेथेच थांबेल. २०० साठी इंजिनापाशी २२५ पीएसच्या आसपास हवेत. माझे आकडे ढोबळ आहेत, पण त्यांची दिशा चुकीची नाही.

पल्ला मात्र अमर्याद नाही. वेग कमाल मर्यादेजवळ गेला की हाताशी शिल्लक राहणारी ताकद जवळजवळ संपते. वरच्याच गणिताने १६५ वरून १७५ वर जाण्यासाठी तुमच्या गाडीला एक किलोमीटरहून अधिक अंतर लागते. दोन किलोमीटरची धावपट्टी मिळाली आणि त्यातील शेवटचे सहा-सातशे मीटर थांबण्यासाठी राखून ठेवले, तर खरा वेग १५५ ते १६० च्या दरम्यान निघेल. पन्नास पीएस वाढवूनही हा आकडा तुम्हाला वाटतो तितका वाढणार नाही. ‘माझ्या पिकअपने १८० मारले’ असे सांगणाऱ्यांची गाडी बहुतेक वेळा १६५ च्या आतच असते, कारण वेगाचा काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवणार नाही आणि थोडा जास्त दाखवला तरी चालेल, असाच आंतरराष्ट्रीय नियम आहे. दहा टक्के अधिक चार किलोमीटर एवढी सूट त्यात आहे. जीपीएसवर नोंद करणारे छोटे यंत्र आधी घ्या. त्यानंतर बोलण्यासारखे आकडे हाती येतील.

आता गाडीकडे वळतो, आणि सुरुवात टायरांपासून करतो. टायरच्या बाजूवर मापाच्या पुढे दोन-तीन आकडी भार-निर्देशांक आणि एक अक्षर असते. ते अक्षर क्यू असेल तर मर्यादा १६०, आर असेल तर १७०, एस १८०, टी १९०, एच २१० आणि व्ही २४०. ‘जरा रांगडी दिसावी’ म्हणून बसवलेल्या खडबडीत ऑल-टेरेन टायरांवर क्यू, आर किंवा एस सापडते. ठरवलेल्या वेगाच्या किमान दोन पायऱ्या वरचे अक्षर मी मागतो, म्हणून तुमच्यासाठी रस्त्याच्या नक्षीचे एच टायर, आणि भार-निर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी नको. बाजूवरच चार आकड्यांची तारीख असते. २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. चार वर्षांपेक्षा जुना टायर मी या कामाला लावत नाही, मग नक्षी कितीही शिल्लक असो, कारण आपल्याकडच्या उन्हात रबर नक्षी झिजण्याआधी कडक होते. रिमोल्डचे, म्हणजे जुन्यावर नवी नक्षी चढवलेल्या टायरचे, नावही काढू नका. हवा सकाळी, टायर थंड असताना, गाडीच्या पुस्तिकेत पूर्ण भारासाठी दिलेल्या दाबाइतकी भरा. तापमान पाच-सहा अंशांनी वाढले की दाब साधारण एक पीएसआयने वाढतो. पहाटे २८ अंशांना भरलेली हवा दुपारी ४४ अंशांना तीनने चढलेली दिसेल. ती पाहून हवा सोडायची नाही. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर ही गाडी पळवूच नका, हा माझा साधा सल्ला आहे. गरम हवा विरळ असल्याने विरोध थोडा कमी होतो हे खरे, पण टायर, इंटरकूलर (इंजिनात जाणारी दाबलेली हवा थंड करणारा भाग) आणि ब्रेक यांचे होणारे हाल त्या फायद्याहून फार मोठे आहेत. डिसेंबर-जानेवारीची सकाळ या कामासाठी उत्तम.

चाकांचे बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट नव्या टायरांवर, चालक बसलेला असताना आणि हौद्यात जे वजन राहणार आहे ते ठेवून करून घ्या. अलाइनमेंटवाला ‘रिकाम्या गाडीवरच करतो’ म्हणाला तर दुसरीकडे जा.

वजनाचा मुद्दा येथेच उरकतो. रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर एकूण वजनाच्या चाळीस-बेचाळीस टक्केच भार असतो आणि मागचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, टनभर ओझ्यासाठी घडवलेले असल्यामुळे रिकाम्या गाडीखाली ते लाकडासारखे कडक वागतात. काँक्रीटच्या जोडावरून जाताना मागची चाके क्षणभर जमीन सोडतात, आणि नेमका त्याच वेळी आडवा वारा आला तर गाडी बाजूला सरकते. म्हणून नियमावली परवानगी देत असेल तर १०० ते १५० किलो वजन मागच्या अ‍ॅक्सलच्या किंचित पुढे ठेवावे. वजन म्हणजे लोखंडी पाट, आणि ते नुसत्या हौद्याच्या पत्र्याला न कसता खालच्या चेसिसपर्यंत आरपार बोल्टने बांधलेले. सिमेंटची किंवा वाळूची पोती दोरीने बांधून आणलेली गाडी मी तपासणीतूनच परत पाठवली आहे; जोरात ब्रेक लागला की ते पोते केबिनच्या मागच्या काचेतून आत येते.

आता ज्या गोष्टीने मला स्वतःला शहाणे केले ती सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वी एका मित्राची जुनी, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाके लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नसलेली पिकअप आम्ही अशीच तयार करत होतो. मागची बाजू फार उंच दिसते म्हणून मी प्रत्येक बाजूचे दोन-दोन पाटे काढले आणि गाडी दीड इंच खाली बसवली. दिसायला ती देखणी झाली. मग आउटर रिंग रोडपलीकडच्या एका न विकल्या गेलेल्या ले-आऊटमध्ये, मालकाच्या परवानगीने, आतल्या सरळ रस्त्यावर ब्रेकची चाचणी घेतली. ताशी ७० वरून मित्राने ब्रेक दाबला, मागची दोन्ही चाके जागीच लॉक झाली आणि गाडी स्वतःभोवती अर्धी फिरून आली तिकडेच तोंड करून प्लॉटच्या मातीत उभी राहिली. दोघांनाही खरचटले नाही, पण मित्र पाच मिनिटे दार उघडून बाहेर येईना.

कारण सापडायला मला एक संध्याकाळ लागली. अशा गाड्यांत मागच्या अ‍ॅक्सलपासून चेसिसवरच्या एका छोट्या व्हॉल्व्हपर्यंत एक बारीक दांडी किंवा स्प्रिंग गेलेली असते. गाडीत माल भरला की अ‍ॅक्सल आणि चेसिस यांतील अंतर कमी होते, दांडी सरकते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो, कारण मागे वजन असल्यावर तेवढा दाब पेलतो. मी पाटे काढून ते अंतर वजनाविना कमी केले होते. व्हॉल्व्हला वाटले की गाडी भरलेली आहे, आणि त्याने रिकाम्या हौद्याखालच्या हलक्या चाकांना भरलेल्या गाडीचा ब्रेक दिला. त्या दांडीची लांबी जुळवता येते, पण पाटे काढणाऱ्या दहा मेकॅनिकांपैकी एकही तिच्याकडे पाहत नाही. मीही पाहिले नव्हते. तुमच्या गाडीत एबीएस आणि ब्रेकदाबाची इलेक्ट्रॉनिक वाटणी असल्यामुळे हा अपघात याच प्रकारे होण्याची शक्यता कमी आहे, तरीही उंचीत बदल केल्यावर ब्रेकची चाचणी ३०, ५०, ७० अशी चढत्या वेगाने घेतल्याखेरीज पुढे जाऊ नका. माझे मत विचाराल तर पहिल्या वर्षी उंचीला हातच लावू नये.

ब्रेकचे उरलेले काम कंटाळवाणे आहे, पण स्वस्त आहे. १८० वेगाने धावणाऱ्या गाडीत १०० च्या तुलनेत सव्वातीनपट ऊर्जा असते आणि थांबताना तिचा मोठा भाग पुढच्या डिस्कमध्ये उष्णता होऊन उतरतो. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते; डॉट ४ प्रतीचे ताजे तेल किमान २३० अंशांना उकळते, ओलावा शिरलेले मात्र १५५ च्या पुढेच उकळू शकते, आणि ते उकळले की पेडल तळाला जाते. दोन पावसाळे पाहिलेले तेल पूर्ण काढून सीलबंद डब्यातले नवे भरा. पॅड चांगल्या प्रतीचे, डिस्क सपाट, होज तडे नसलेले. मागचे ड्रम उघडून आतली धूळ आणि व्हील सिलिंडरची गळती पाहा.

आता प्रोपेलर शाफ्टकडे, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्याकडे येतो. याबद्दल तुम्हाला दुसरे कोणी सांगणार नाही. वरच्या गिअरमध्ये गिअरबॉक्सचे गुणोत्तर एकपेक्षा कमी असते, म्हणजे शाफ्ट इंजिनापेक्षा वेगाने फिरतो. उदाहरणादाखल टायरचा परीघ २.३३ मीटर, डिफरन्शिअलचे गुणोत्तर ४.१ आणि सहाव्या गिअरचे ०.७ धरू. ताशी १८० म्हणजे मिनिटाला ३,००० मीटर; चाक मिनिटाला १,२८८ फेरे मारते, शाफ्ट सुमारे ५,२८० आणि इंजिन सुमारे ३,७००. तुमचे लक्ष इंजिनाच्या काट्यावर असते आणि तो निवांत दिसतो, पण खाली दोन तुकड्यांचा लांब शाफ्ट त्याच्या दीडपट वेगाने फिरत असतो. क्रॉसमध्ये (शाफ्टच्या सांध्यात) थोडी ढिलाई, सेंटर बेअरिंगच्या रबराला एखादी चीर, किंवा कधीतरी शाफ्ट उतरवून पुन्हा जोडताना खुणा न जुळवल्यामुळे कोन चुकलेला. शंभरच्या वेगाला यापैकी काहीच जाणवत नाही, दीडशेला सीटखाली गुणगुण येते आणि त्यापुढे शाफ्ट तुटूही शकतो. पुढचे टोक तुटून खाली पडले आणि जमिनीत रुतले तर गाडी उलटू शकते. म्हणून सगळे क्रॉस आणि सेंटर बेअरिंग नवे, शाफ्ट मशीनवर बॅलन्स केलेला, आणि पुढच्या टोकाभोवती पोलादी पट्टीचा कडा चेसिसला बांधलेला, म्हणजे तुटला तरी तो खाली लोंबणार नाही. कड्याचे काम लेथवाला आणि वेल्डर मिळून अर्ध्या दिवसात करतात. याच वेळी डिफरन्शिअलचे तेल बदला आणि पिनियनच्या बेअरिंगची ढिलाई तपासा.

हेच गणित गिअरसाठीही वापरा. डिझेल इंजिनाची कमाल ताकद ३,६०० फेऱ्यांच्या आसपास मिळते. तुमचा उद्दिष्ट वेग ज्या गिअरमध्ये त्या फेऱ्यांजवळ येतो, तो धावण्याचा गिअर. १६० च्या उद्दिष्टासाठी तो सहावा नसून पाचवा असू शकतो, आणि सहाव्यात टाकल्यावर वेग कमी झाला अशी तक्रार घेऊन येणारे मला दरवर्षी भेटतात. मोठे टायर बसवल्याने कमाल वेग वाढतो हा समजही यातूनच आला आहे; ताकद पुरी पडत नसताना उंच गिअरिंग म्हणजे इंजिनाच्या पाठीवर आणखी एक पोते.

हवेच्या बाबतीत स्वस्तातले काम आधी करावे. छतावरचे कॅरिअर, वरची लाइटची पट्टी, पायरीच्या नळ्या, चिखलाचे पडदे, पुढे लोखंडी गार्ड असेल तर ते (तसेही त्यावर २०१७ च्या अखेरीपासून बंदी आहे), सगळे उतरवा. मागचा फाळका काढला किंवा पाडून ठेवला की हवा सहज निघून जाते, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. प्रत्यक्षात बंद फाळक्यामुळे हौद्यात हवेचा एक भोवरा स्थिर होतो आणि वरचा प्रवाह त्याच्यावरून सरकत जातो. फाळका पाडला की तो भोवरा मोडतो आणि विरोध बहुधा वाढतो. फाळका बंद ठेवा आणि हौद्यावर कडक, कुलूप लागणारे सपाट आवरण बसवा. ताडपत्री चालणार नाही, ती फडफडत फुगते आणि दीडशेच्या पुढे फाटून मागे उडते. या सगळ्यातून विरोध दहा टक्क्यांनी उतरला तर कमाल वेगात सहा-सात किलोमीटर मिळतात. इंजिनातून तेवढेच मिळवायला साधारण पंधरा पीएस लागतील. जाळी झाकण्याचा मोह टाळा, कारण रेडिएटर आणि इंटरकूलर तेथूनच श्वास घेतात.

आता तुमचा मूळ प्रश्न, रीमॅप. रस्त्यासाठी केलेला रीमॅप ओव्हरटेकच्या सहा-आठ सेकंदांसाठी असतो. येथे इंजिन पूर्ण भाराखाली मिनिटभर किंवा त्याहून अधिक राहते, आणि तेवढ्या वेळात एक्झॉस्टचे तापमान जेथे पोचते तेथे ओव्हरटेक कधीच पोचत नाही. टर्बोच्या आधी तापमापक बसवल्याशिवाय मी रीमॅपच्या गाडीला हात लावत नाही, आणि काटा ७५० अंशांवर गेला की चालकाने पाय उचलायचा असा माझा नियम आहे. मागून काळा धूर निघणे ही ताकदीची खूण नव्हे. न जळलेले डिझेल आणि चढते तापमान एवढाच त्याचा अर्थ. तुमची गाडी बीएस ६ आहे, त्यामुळे काजळीचा फिल्टर काढून टाका असा सल्ला मिळेल. तो काढलेली गाडी रस्त्यावर बेकायदा ठरते आणि मूळ रचनेत फेरबदल केल्याबद्दल कलम ५२ आड येते. फिल्टर राहू द्या, फक्त चाचणीच्या आदल्या दिवशी महामार्गावर तासभर नेमस्त चालवून त्याची सफाई होऊ द्या, म्हणजे ऐन धावेत ती सुरू होणार नाही. मोठा टर्बो तुमच्या पल्ल्यावर पैसे वाया घालवेल. काही गाड्यांत कंपनीनेच कमाल वेगाची इलेक्ट्रॉनिक मर्यादा घातलेली असते, ती तुमच्यात आहे का हे स्कॅनरवर पाहून घ्या. आणि हे वाचणाऱ्या कोणाची गाडी पिवळ्या पाटीची मालवाहू असेल तर तिच्यात ८० चा स्पीड गव्हर्नर असतो, तो काढून खेळायची कल्पना सोडून द्यावी.

चालकाच्या सुरक्षेची किमान यादी आयोजक देतील, पण तीन गोष्टी मी माझ्याकडून सांगतो. हेल्मेट मोटारस्पर्धेचे, आगीला टिकणारे हवे. दुचाकीचे हेल्मेट त्या निकषावर तपासलेले नसते. अग्निशामक धातूच्या पट्ट्याने, चालकाच्या हाताच्या अंतरात बांधलेला हवा. सीटखाली मोकळा ठेवला तर अपघातात तोच पहिला मार देतो. पिंजऱ्याबद्दल, म्हणजे केबिनमधल्या पोलादी नळ्यांच्या सांगाड्याबद्दल, मात्र घाई करू नका. पिकअपची केबिन चेसिसवर रबराच्या गोट्यांवर बसलेली असते, त्यामुळे पिंजऱ्याचे पाय जेथे फरशीला टेकतात तेथे जाड पत्र्याचे रुंद पाट हवेत, नाहीतर पाय फरशीतून खाली जातात. आणि रोजच्या वापरात, डोक्यावर हेल्मेट नसताना, तीच नळी कपाळाला लागते. १६० पर्यंतच्या वर्गात नियमावली मागत नसेल, तर या वर्षी मूळ सीट, मूळ तीन बिंदूंचा पट्टा आणि शाबूत एअरबॅग हे अर्धवट पिंजऱ्यापेक्षा बरे.

पहिल्या दिवशी पहिली धाव १२० ला सोडा, दुसरी १४० ला. प्रत्येक धावेनंतर चाकांच्या नटांवर पाना फिरवा, टायरांच्या कडा बघा, शाफ्टच्या सेंटर बेअरिंगला आणि डिफरन्शिअलला हात लावून पाहा. हात ठेववत नसेल तर त्या दिवशीची धाव तेथेच संपली. शेवटची खूण ओलांडल्यावर पाय हळूहळू उचला, स्टिअरिंग सरळ धरा आणि वेग १२० च्या खाली आल्यावर ब्रेकला हात घाला, म्हणून तर सहाशे मीटर राखून ठेवले आहेत. मधेच वाऱ्याने गाडी अर्धा फूट सरकली तर तिला तेवढे सरकू द्या. झटक्याने केलेली दुरुस्तीच उंच गाडीला पाडते.

दोन लाखांची वाटणी माझ्या हिशेबाने अशी होईल. निम्मे टायर, ब्रेक आणि शाफ्टवर, पाव भाग हेल्मेट, अग्निशामक आणि मोजमापाच्या यंत्रावर, उरलेल्यात हौद्याचे आवरण आणि प्रवेशशुल्क. रीमॅप पुढच्या हिवाळ्यात, यंदाच्या धावांची जीपीएसची नोंद हातात आल्यावर.

तूर्त तुमच्या टायरवरचे पूर्ण माप, त्यापुढचे अक्षर आणि चार आकडी तारीख, तसेच पुस्तिकेतील डिफरन्शिअलचे व पाचव्या-सहाव्या गिअरचे गुणोत्तर येथे लिहा. त्यावरून कोणत्या गिअरमध्ये धावायचे आणि शाफ्ट किती फेऱ्यांवर जाईल, हे मी मांडून देतो.